पीजीपीची ‘रिकामी जागा’ विकणाऱ्यांपासून सावध राहा: आमचे ८,०३५ डॉलर आणि १,६३,६०० रुपये गेले

आई-बाबांना कॅनडात कायमचं आणून देतो म्हणून एका इमिग्रेशन कन्सल्टंटने आमच्याकडून ८,०३५ कॅनेडियन डॉलर घेतले. त्याच्या पुण्यातल्या ‘पार्टनर’ने आई-बाबांकडून १,६३,६०० रुपये वेगळे घेतले. बदल्यात मिळालं काय, तर एक बनावट पीडीएफ आणि एक एग्रीमेंट, ज्याच्यावरचा लायसन्स नंबर भलत्याच कुणाचा निघाला. कन्सल्टंट लोक कसे लुबाडतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत बसत नाही. पण आई-वडील, आजी-आजोबांना कॅनडात कायमचं आणायच्या पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स प्रोग्रॅमच्या, म्हणजे पीजीपीच्या नावाने चाललेला हा प्रकार नीट समजून घ्या. यात शिकलेली, रोज सरकारी कागद हाताळणारी माणसंही अडकतात.

मुळात ज्या गोष्टीचे त्याने पैसे घेतले ती विकताच येत नाही. पीजीपीसाठी ‘मला स्पॉन्सर करायचं आहे’ असा फॉर्म शेवटचा भरून घेतला तो १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२० या तीन आठवड्यांत. दोन लाखांहून जास्त लोकांनी भरला. त्यानंतर २०२१ ते २०२५ दरवर्षी अर्ज करायची जी आमंत्रणं निघाली ती सगळी त्याच ढिगातून चिठ्ठी काढल्यासारखी. २०२४ मध्ये ३५,७०० आमंत्रणं निघाली, २०२५ मध्ये १७,८६०, आणि तीही २०२० चा फॉर्म भरलेल्यांनाच. त्या फॉर्मचा कन्फर्मेशन नंबर तुमच्याकडे नसेल तर तुम्ही त्या यादीत नाही आणि मधेच कुणी तुम्हाला घुसवू शकत नाही. आम्हाला पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालं २०२१ मध्ये. म्हणजे २०२० चा फॉर्म भरायला आम्ही पात्रच नव्हतो.

त्याने सांगितलं ते असं: २०२० च्या यादीतले बरेच लोक आता कॅनडा सोडून गेले, काहींचे आई-वडील वारले, काहींचं उत्पन्न बसत नाही, तर त्या ‘रिकाम्या जागा’ ठरावीक कन्सल्टंटना ‘रिप्लेसमेंट कोटा’ म्हणून दिल्या जातात. असा कोटा अस्तित्वात नाही. पण ऐकताना खोटं वाटलं नाही, याला कारण आहे. या प्रोग्रॅमचे नियम इतक्या वेळा बदललेत की कशावरही विश्वास बसावा. नोव्हेंबर २०११ मध्ये नवे अर्ज बंद. २०१४ ला पुन्हा सुरू, तेही फक्त ५,००० अर्जांसाठी. २०१७ ला लॉटरी. २०१९ ला ‘जो आधी येईल त्याला’ अशी पद्धत, आणि २८ जानेवारीला दुपारी बाराला उघडलेला फॉर्म दहा-अकरा मिनिटांत बंद! २०२० ला परत लॉटरी. ज्या इमिग्रेशन खात्याने स्वतःच असे खेळ केले, तिथे एखादा कोटाही असेल असं कुणालाही वाटू शकतं. वर हा माणूस मराठी, मंडळाच्या कार्यक्रमांना येणारा, आईशी फोनवर “काकू, तुम्ही फक्त स्वेटर घेऊन ठेवा” असं बोलणारा.

पैसे तीन टप्प्यांत घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रोफाइल असेसमेंट’चे १,५०० डॉलर. एप्रिलमध्ये ‘स्लॉट’चे ४,२००. जूनमध्ये ‘सरकारी फी’चे २,३३५. तिन्ही ई-ट्रान्सफरने. एकदा समोरच्याच्या खात्यात जमा झालेलं ई-ट्रान्सफर परत फिरवता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता त्या पीडीएफबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच दिसत होतं. २०२४ ची खरी आमंत्रणं २१ मेपासून निघायला लागली, बातम्या सगळीकडे होत्या. आमचं ‘आमंत्रण’ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, अगदी मोसमात. वर मेपल लीफ, खाली सही, मधे आई-बाबांची पासपोर्टवरची नावं तंतोतंत. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र .कॉमवर संपत होता. इमिग्रेशन खात्याची मेल जीसी डॉट सीए किंवा कॅनडा डॉट सीएवरून येते. पत्रात कागद भरायला ३० दिवस दिले होते, त्या वर्षीच्या खऱ्या आमंत्रणात ६० दिवस होते. २०२० चा कन्फर्मेशन नंबर कुठेच नव्हता, त्याच्या जागी एक लांबलचक ‘रेफरन्स नंबर’.

आणि फी! ३० एप्रिल २०२४ पासून फी वाढली होती. तेव्हा स्पॉन्सरशिपचे ८५, मुख्य अर्जदाराचे ५४५, त्याच्या पीआर हक्काचे ५७५, म्हणजे बाबांपर्यंत १,२०५. आईचे ६३५ आणि ५७५, म्हणजे १,२१०. दोघांच्या बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) मिळून १७०. एकूण २,५८५. पत्रात मागितले होते २,३३५. म्हणजे त्याने एप्रिलआधीचे जुने दर उचलून टाकले होते. सरकार स्वतःच्या पत्रात स्वतःचीच फी २५० डॉलर कमी लिहील का? हा आकडा बघून अजूनही डोकं फिरतं. पण आकडा जास्त असता तर माणूस तपासतो. कमी दिसला की उलट वाटतं, चला, हा आपल्याला लुटत तरी नाहीये. फसवणारा नेहमी जास्तच मागतो या समजुतीवरच हे लोक जगतात.

सरकारी फी कन्सल्टंटच्या खात्यात पाठवायची नसते. ती इमिग्रेशन खात्याच्या साइटवर तुमच्या कार्डाने भरता येते, लगेच पावती मिळते आणि ती अर्जाला जोडावी लागते. कन्सल्टंटने भरली तर ती पावती मागा, त्याच दिवशी.

आणखी एक खूण, जी सगळ्यांनी लक्षात ठेवावी. पैसे घेऊन तुमचं काम करणाऱ्या माणसाचं नाव आयएमएम ५४७६ या फॉर्मवर असलंच पाहिजे आणि त्यावर तुमची सही लागते. याने तो फॉर्म काढलाच नाही. म्हणाला, “तुमच्याच लॉगिनने टाकू, फाइल लवकर हलते.” लवकर-बिवकर काही हलत नाही. त्याचं नाव कुठेही येऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. असे लोक पडद्यामागून अर्ज भरतात, आणि त्यात काही खोटं निघालं तर सरकारच्या लेखी ते तुम्ही लिहिलेलं असतं.

लायसन्सचं म्हणाल तर एग्रीमेंटवर आर अक्षराने सुरू होणारा नंबर छापलेला होता. कन्सल्टंटना लायसन्स देणाऱ्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत टाकल्यावर तो नंबर सापडलाही, लायसन्सही चालू. नाव वेगळं दिसलं तर म्हणाला, ते आमच्या फर्मचे सीनियर. तपासणी केली नाही असं म्हणायला त्यामुळे कुणाला जागा नाही. पण तपासणी तिथे संपत नाही. यादीत त्या माणसाचा जो फोन दिलेला असतो त्यावर फोन करून विचारायचं, “अमुक माणूस तुमच्याकडे काम करतो का?” व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर नाही. आणि लायसन्स असलेल्या माणसाशी एकदा व्हिडिओवर तरी समोरासमोर बोलल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. वकील असेल तर त्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या यादीत नाव बघा.

पुण्यातली बाजू आणखी वाईट. तिथल्या माणसाने बाबांकडून १,४०,००० रुपये ‘डॉक्युमेंटेशन’चे घेतले, तेही फर्मच्या नव्हे, एका खासगी माणसाच्या खात्यात. मग दोघांना एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवून ‘कॅनडा मेडिकल’ केलं, माणशी ११,८००. कॅनडाची वैद्यकीय तपासणी फक्त त्यांच्या यादीतले पॅनेल डॉक्टरच करू शकतात आणि तपासणीनंतर ई-मेडिकलचा नंबर असलेला कागद हातात मिळतो. तो मिळाला नाही तर ती तपासणी म्हणजे निव्वळ रक्त काढून घेणं. शिवाय पीजीपीमध्ये खात्याकडून मेडिकलची सूचना आल्याशिवाय जायचंच नसतं.

त्याच माणसाने धाकट्या भावाबद्दलही गळ घातली. भाऊ २४ वर्षांचा. आई-वडिलांच्या अर्जात अविवाहित मूल अवलंबित म्हणून घालता येतं ते २२ च्या आतलं. हा म्हणतो, शाळा सोडल्याचा दाखला ‘नवा’ करून आणू. तिथे मात्र बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे. ती आई-बाबांवर बसली असती तर साध्या भेटीलाही येता आलं नसतं. सख्ख्या भावाला थेट स्पॉन्सर करता येतं ते तो अनाथ, अविवाहित आणि अठराच्या आतला असेल तर, किंवा तुम्हाला स्पॉन्सर करण्याजोगं दुसरं कुणीच नसेल आणि कॅनडातही जवळचा नातेवाईक नसेल तर. ‘ब्रदर स्पॉन्सरशिप’ नावाचं पॅकेज कुणी दाखवलं तर तिथून उठा.

तक्रारीचं काय झालं? इथल्या पोलिसांनी रिपोर्टचा नंबर दिला आणि सांगितलं, हा दोघांमधला व्यवहार दिसतो, सिव्हिल कोर्टात जा. बनावट सरकारी पत्र समोर ठेवलंय, आणि हा ‘व्यवहार’! बँक म्हणते, ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंत, तुमच्या पासवर्डने, आमची जबाबदारी नाही. घेणाऱ्याचं खातं अजून चालू आहे का, एवढंसुद्धा सांगत नाहीत, प्रायव्हसी म्हणे. चोराची प्रायव्हसी! फसवणूक नोंदवण्याच्या हेल्पलाइनवर माहिती घेतात, पण तपास तिथे होत नाही, पुन्हा पोलिसांकडेच पाठवतात. पुण्यात पोलीस ठाण्यात बाबांना ऐकवलं की मुख्य आरोपी कॅनडात, तर गुन्हा तिकडचा. १,६३,६०० रुपये पुण्यात दिले, पुण्याच्या माणसाला दिले, पुण्याच्या खात्यात गेले, तरी गुन्हा तिकडचा? ७१ वर्षांच्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणून परत पाठवायचं. हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्या असं स्पष्ट लिहिलंय. ठाणे ऐकत नसेल तर त्याच कलमाखाली लेखी तक्रार टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयात, पाठवा. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. भारतात ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते.

तुमच्या नावाने कुणी काही भरून ठेवलंय का, हे कळायचा मार्ग आहे. कॅनडाच्या माहितीच्या अधिकाराचा अर्ज, फी पाच डॉलर. आई-वडिलांची फाइल हवी असेल तर त्यांच्या सहीचा संमतीचा फॉर्म, आयएमएम ५७४४, जोडा. आमच्या नावाने काहीच भरलेलं नव्हतं. तुमच्या बाबतीत खोटं काही सापडलं तर खात्याला स्वतःहून लगेच लेखी कळवा, त्यांचं पत्र येण्याची वाट बघू नका.

आई-वडिलांना आणायचंच असेल आणि २०२० चा नंबर नसेल, तर आज खरा रस्ता सुपर व्हिसाचा. आई-वडिलांच्या भेटीसाठीचा दहा वर्षांपर्यंतचा व्हिसा, ४ जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. पीआर मिळत नाही, हे खरं. उत्पन्नाची अटही सौम्य आहे: पीजीपीला तीन वर्षांचं उत्पन्न, तेही सरकारने ठरवलेल्या किमान पातळीपेक्षा साधारण ३० टक्के जास्त लागतं, इथे ते वरचे ३० टक्के नाहीत. कुटुंबाची माणसं मोजताना येणारे आई-वडीलही धरायचे, हे बरेच जण विसरतात आणि तिथेच नकार येतो. किमान एक लाख डॉलरचा, कमीत कमी एका वर्षाचा आरोग्य विमा लागतो. आणि इथेही तीच जमात बसलेली आहे. विमा काढतात, कागद देतात, व्हिसा लागला की पॉलिसी रद्द करून परतावा स्वतः खातात. प्रीमियम तुमच्या कार्डाने थेट कंपनीला भरा. आई-वडील विमानात बसायच्या आधी पॉलिसी नंबर सांगून कंपनीकडून चालू असल्याची खात्री करून घ्या. व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या.

टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात ‘रिप्लेसमेंट कोटा’ हे शब्द वापरून कुणी तुमच्याकडून पैसे घेतले असतील तर गप्प बसू नका. लाज वाटते म्हणून लोक पुढे येत नाहीत, आणि एकट्या माणसाच्या तक्रारीला ‘व्यवहार’ म्हणून बाजूला सारणं पोलिसांना सोपं जातं. ई-ट्रान्सफरच्या पावत्या, व्हॉट्सॲपचं पूर्ण एक्सपोर्ट (नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत), एग्रीमेंट आणि ती पीडीएफ मूळ मेलसकट जपून ठेवा. तुमच्या भागातल्या पोलिसांकडे वेगळी तक्रार द्या, आणि त्याच माणसाविरुद्ध आणखी तक्रारी आहेत हे त्यात लिहा.