रीळ नसलेली चार मीटरची व्हिप: एप्रिल ते जानेवारी तळ्याकाठी वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगते: घ्या. गळ टाकायला नव्याने शिकणाऱ्यांनी, त्यातही लहान मूल सोबत घेऊन जाणाऱ्यांनी, पहिली काठी हीच घ्यावी. रॉड, रीळ आणि चाळीस सटरफटर वस्तू भरलेला तो चकचकीत ‘स्टार्टर सेट’ दुकानातच राहू द्यावा.

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहते. मुलगा नऊ वर्षांचा. शहराबाहेरच्या एका छोट्या डे-तिकीटवाल्या (दिवसाचे पैसे भरून बसायच्या) तळ्यावर आणि अधूनमधून गावातूनच जाणाऱ्या ग्रँड युनियन कॅनॉलवर आम्ही बसतो. एप्रिलपासून आत्तापर्यंत ऊन, पाऊस आणि बोटं गोठवणारा वारा, सगळ्यात ही काठी वापरून झाली आहे. ब्रँड सांगत नाही, कारण या किमतीच्या, म्हणजे वीस-पंचवीस पौंडांच्या, व्हिप साधारण सारख्याच असतात आणि पुढे काही तक्रारीही येणार आहेत.

व्हिप म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची लांब, निमुळती काठी. रीळ नाही, दोरा ओवायच्या कड्या नाहीत. शेंड्याला तंगूस (नायलॉनचा दोरा) अडकवायचा, त्यावर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी रंगीत टोकाची काडी, आणि खाली गळ. कोकणात खाडीच्या कडेला पोरं बांबूला दोरा बांधून बसतात तोच प्रकार, बांबूच्या जागी कार्बन आणि फायबरग्लास. मिटवली की साधारण एक मीटरची होते, बसमध्ये नेता येते.

तंगूस काठीपेक्षा वीतभर आखूड ठेवायचा. मग काठी सरळ उभी केली की मासा झोके घेत थेट हातात येतो. रीळ फिरवणं नाही, गुंता सोडवणं नाही. पहिल्याच सकाळी आमच्या शेजारी एक बाप-लेक नवाकोरा रीळचा सेट घेऊन बसले होते. अर्धा वेळ ते दोघं रिळातला दोऱ्याचा गुंता उपसत होते आणि तोवर आमच्या पोराने तीन रोच (इथला एक छोटा मासा) काढले. यात पोराची हुशारी शून्य. लांब फेकायची गरजच नसते, एवढंच. तळ्याचा काठ जिथे पाण्याखाली उतरत जातो त्या उतारावर, काठापासून तीन-चार मीटरवर, मासे चरत फिरत असतात. नवशिका मात्र काठावर उभा राहून तळ्याच्या मधोमध फेकायला बघतो, आणि मधोमध बसलेला तिथून काठाकडे.

काठीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोली मोजणं. पाच रुपयांच्या नाण्याएवढं एक वजन मिळतं, प्लमेट म्हणतात, त्याच्या तळाला कॉर्क असतं. गळ त्यात रुतवून पाण्यात सोडायचा. फ्लोट बुडाला तर तो दोऱ्यावर वर सरकवायचा, आडवा पडला तर खाली. टोक पाण्याच्या जेमतेम वर राहिलं की खोली कळली. मग पाच-सहा फूट इकडेतिकडे करून पुन्हा बघायचं, कारण तळ सपाट नसतो. हे केल्याशिवाय मी आमिष लावत नाही. अनोळखी पाण्यात अंदाजाने टांगलेला गळ कित्येकदा माशांच्या डोक्यावर दीड फूट लटकत राहतो आणि माणूस म्हणतो, या तळ्यात मासेच नाहीत.

दुसरं, वजनाचे छर्रे. फ्लोटबरोबर दुकानदाराने दिले तेवढे सगळे लावा. फ्लोटचं लाल टोक पाण्याबाहेर तांदळाच्या दाण्याएवढंच दिसलं पाहिजे. बोटभर बाहेर राहिलं तर रोच आमिष चाखून सोडून देतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे छर्रे, अगदी बारीक सोडले तर, शिशाचे नसतात. १९८७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशावर बंदी आहे. हंस ते गिळून मरत होते. जुना गळाचा डबा कुणी प्रेमाने दिला तर त्यातली वजनं बाजूला काढा.

आमचा जोड लिहून ठेवते, कारण मला सुरुवातीला कुणी सांगितला असता तर पैसे वाचले असते. मुख्य तंगूस ०.१४ मिलिमीटर, गळाजवळचा सहा इंची तुकडा ०.१० मिलिमीटर, गळ १८ नंबरचा, बिनकाट्याचा, म्हणजे टोकामागे उलटा काटा नसलेला. नंबर मोठा तितका गळ लहान, दुकानात हे उलटं डोक्यात ठेवावं लागतं. गळाजवळचा तुकडा बारीक ठेवायचा तो मुद्दाम: मोठा मासा लागला तर तोच तुटतो, आणि माशाच्या तोंडात फ्लोटसकट अख्खी लाईन अडकून राहत नाही. बिनकाट्याचा गळ तो बऱ्याचदा स्वतःच झटकून टाकतो. बहुतेक डे-तिकीट तळ्यांवर काट्याचा गळ चालतच नाही, पाटीवर लिहिलेलं असतं.

आता आमिष. आमच्या घरातलं महाभारत.

मॅगट म्हणजे माशीच्या जिवंत अळ्या. पाइंटच्या (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) मापाने विकतात, अर्धा पाइंट आम्हा दोघांना दिवसभर पुरून उरतो. उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, नाहीतर उबेत त्यांचे कोश होतात आणि नंतर माश्या. नवरोबा शाकाहारी. त्यांनी पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा श्रीखंड समजून उघडला होता. त्यानंतर गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रिज आला. व्हिपच्या खर्चात तोही धरावा.

सासूबाई जूनमध्ये अलिबागहून आल्या होत्या. खाडीकाठी वाढलेल्या, त्यामुळे मला वाटलं खूश होतील. तळ्यावर खुर्ची टाकून बसल्या, पोराने रोच काढला, ओल्या हाताने धरला, गळ सोडवला आणि पाण्यात सोडून दिला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “अगं, सोडला? मग दोन तास बसलात कशाला?” मी म्हटलं, “आई, इथे घरी नेता येत नाही. तळ्याच्या मालकाला न विचारता नेला तर चोरी होते.” “मालक काय करतो मग एवढ्या माशांचं?” “काही नाही. आपल्यासारख्यांना तिकिटं विकतो.” यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कणकेत हळद घालून गोळी मळून दिली. इथले जुने लोकही अळ्यांवर हळद भुरभुरवतात, डब्यातल्या मांसाच्या तुकड्यांना करी पावडर चोळतात, हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा तळ्यावर गेला असता. गोळीला रोच लागले. अळ्यांइतके नाही, पण लागले. दुपारपर्यंत गोळी गळावरून सुटायला लागली. ब्रेडचा पांढरा भाग चुरून केलेली गोळी जास्त टिकते.

चारा टाकणं हा खरा अभ्यास आहे. आल्याआल्या दोन मुठी फेकून मासे गोळा होत नाहीत, उलट पोट भरून निघून जातात. मिनिटा-दोन मिनिटांनी पाच-सहा अळ्या, फ्लोटच्या अगदी जवळ, मासा लागो न लागो. हे काम पोराला द्या, त्याला कंटाळा येत नाही. अर्ध्या तासात फ्लोट हलायला लागतो. टोक खाली गेलं की मनगट हलकं उचलायचं, खांद्यातून हिसका द्यायचा नाही. कधीकधी टोक बुडण्याऐवजी वर उठतं आणि फ्लोट आडवा पडतो. तेव्हाही उचला: माशाने आमिष तळावरून उचललं, शेवटचा छर्रा त्याच्याबरोबर वर आला आणि फ्लोटवरचं वजन गेलं. ब्रीम, टेंच, क्रूशियन हे मासे असं करतात.

मासे ओळखायला पोर माझ्यापेक्षा लवकर शिकलं. रोच आणि रड सारखेच दिसतात, पण रडचं तोंड वरच्या बाजूला उघडतं आणि पाठीवरचा पर मागे असतो. पर्चच्या अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर खरे काटे. तो पकडताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर बसवायचा, उलट फिरवलात तर रक्त. कल्ल्यांचे झाकणही धारदार असतं. पर्च अळी पार घशात ओढतो, म्हणून डिसगॉर्जर नावाची काडी खिशातच हवी. दोरा ताणून धरायचा, काडीची खाच दोऱ्यावर बसवायची, दोऱ्यावरून सरकवत गळापर्यंत न्यायची आणि किंचित आत दाबायची. गळ सुटतो. ओढायचा नाही, दाबायचा. पोराने हे पहिल्यांदा स्वतःहून केलं तेव्हा त्याची जीभ दातांत होती आणि श्वास बंद.

कागदपत्रांचा प्रश्न आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स, म्हणजे गळ टाकायचा परवाना, लागतं, खासगी तळ्यावरसुद्धा. तेरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, १३ ते १६ वर्षांच्यांना लागतं पण फुकट मिळतं. मुलाची काठी ‘जरा धर’ म्हणून हातात घेऊन तुम्ही गळ टाकणार असाल तर तुमचं लायसन्स हवं. नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. लायसन्स घेतल्याच्या दिवसापासून वर्षभर चालतं, आणि तळ्याचं तिकीट वेगळं. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी असते, माशांच्या विणीसाठी. बहुतेक तळी आणि कॅनॉल त्यातून सुटलेले आहेत, म्हणूनच आम्ही एप्रिलमध्ये सुरुवात करू शकलो. तरी मालकाचे स्वतःचे नियम असतात, पाटी वाचा. काही ठिकाणी माशांचे रोग पसरू नयेत म्हणून जाळी जंतुनाशकात बुडवून न्यावी लागते.

आता तक्रारी.

पहिली, शेंडा. सर्वात वरचा तुकडा काडीइतका बारीक असतो आणि ऑगस्टमध्ये विलोच्या झाडाच्या फांदीत फ्लोट अडकून तो मोडला. तसं होणारच, पण सुटा शेंडा मिळेना. जिथून घेतली त्या दुकानाने “नवीनच घ्या” म्हणून हात वर केले. शेवटी दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला तंगूस अडकवायचा कनेक्टर चिकटवून काम भागवलं. काठी वीतभर आखूड झाली आणि जरा कडक. तेव्हा घेतानाच सुटे तुकडे मिळतात का ते विचारा, हा प्रश्न रंग आणि वजनापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरी, सांधे. काठावरची बारीक रेती नळ्यांमध्ये जाते आणि काठी मिटेनाशी होते. पिळायची नाही, तडा जातो. मिटवताना प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसत मिटवा, काठी जमिनीवर टाकू नका, दोन टेकू घ्या. बुडाचं रबरी झाकण दुसऱ्याच महिन्यात हरवलं. सध्या तिथे वाइनच्या बाटलीचं बूच आहे आणि ते कंपनीच्या झाकणापेक्षा घट्ट बसतं.

तिसरी तक्रार काठीची म्हणता येणार नाही, पण घेण्याआधी माहीत हवी. कार्प. उन्हाळ्यात पाणी तापलं की चार-पाच पौंडांचे कार्प काठाला येतात. साध्या व्हिपला इलॅस्टिक, म्हणजे मासा ओढेल तसा ताणला जाणारा रबरी दोरा, नसतं आणि दोरा सोडायला रीळही नसतं. काठी वाकते, वाकते, आणि बारीक तंगूस टच्चकन तुटतो. पोर रडायचं. उपाय म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये मका आणि पेलेट (माशांच्या खाद्याच्या गोळ्या) अजिबात लावायचे नाहीत, एकेकच अळी लावायची, आणि काठाजवळ कार्पची पाठ दिसली तर जागा बदलायची. कार्पच धरायचा असेल तर ही काठी तुमच्यासाठी नाही, आतून इलॅस्टिक ओवलेला पोल किंवा रीळवाला रॉड बघा.

आणि एक सावधगिरी: कार्बनमधून वीज जाते. कॅनॉलच्या कडेने बऱ्याच ठिकाणी डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. तिथे काठी उघडायचीच नाही, आणि तारांखालून चालताना मिटवूनच न्यायची.

हिवाळ्यात मासे कमी लागतात. नोव्हेंबरनंतर आम्ही चारा निम्म्याहून कमी केला, खोल जागा शोधली आणि गळावर लाल अळी किंवा गांडुळाचा तुकडा लावला. पर्च येत राहिले. गार काठी उघड्या हाताने धरवत नाही, पण जाड हातमोजे घातले तर १८ नंबरचा गळ दिसतही नाही आणि लागतही नाही. बोटं कापलेले लोकरी हातमोजे घ्या.

चार मीटर की पाच? आठ-दहा वर्षांच्या मुलाला चारच. पाच मीटरची दुकानात हलकी वाटते, पण वाऱ्यात तासभर धरून पाहिली आणि माझेच खांदे भरून आले. काठीसोबत एवढं घ्या: दोन तयार रिग (तंगूस, फ्लोट, छर्रे आणि गळ आधीच बांधलेले), प्लमेट, दोन डिसगॉर्जर (एक पाण्यात पडतोच), बारीक जाळीचं हातजाळं. खुर्ची घरची चालते. ज्यांना सेल लागायची वाट बघायची आहे त्यांनी बघावी, पण दुकानात जाऊन काठी पूर्ण उघडून, हातात धरून, प्रत्येक सांधा सरकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.