फोटोमीटरचे शून्य आणि एक गळके झाकण : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या तरणतलावासाठी घेतलेल्या फोटोमीटरबद्दल (पाण्याचा रंग प्रकाशाने मोजून क्लोरीनसारख्या गोष्टींचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राबद्दल) मी तीन महिन्यांनी लिहिले असते, तर त्याला बिनदिक्कत पूर्ण गुण दिले असते. आता नऊ महिने झाले आहेत, आणि मधल्या काळात या यंत्राने मला एकदा साफ फसवले आहे. त्यामुळे गुण देण्याचा माझा उत्साह बराच ओसरला आहे.

त्याआधी मी पाण्यात बुडवून रंग जुळवायच्या चाचणीपट्ट्यांवर भागवत होतो आणि काटकसर म्हणून प्रत्येक पट्टी कात्रीने उभी कापून तिच्या दोन करत होतो. ही युक्ती चालते; परंतु ओली बोटे डबीत गेली की उरलेल्या पट्ट्या दमट होऊन निकामी होतात, हे अर्धी डबी वाया गेल्यावर समजले. शिवाय संध्याकाळच्या उजेडात ७.२ आणि ७.८ पीएचच्या (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे त्या मापाच्या) रंगछटा मला एकसारख्याच दिसत. हा फरक किरकोळ नाही, कारण ७.५ पीएचला मुक्त, म्हणजे घाणीशी संयोग न झालेल्या, क्लोरीनपैकी निम्मा भाग जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, तर ८ पीएचला तो पाव भागाच्याही खाली येतो. (हौसेने घेतलेला पीएच पेन मी ‘स्वच्छ राहावा’ म्हणून डिस्टिल्ड पाण्यात ठेवला आणि त्याचा इलेक्ट्रोड बिघडवला, तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो.)

फोटोमीटरमध्ये रंग जुळवण्याची कटकट नाही. १० मिली पाण्यात डीपीडीची (क्लोरीन असले की पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाची) गोळी चुरायची, गुलाबी झालेली कुपी यंत्रात ठेवायची आणि आकडा वाचायचा. दशांशासह आलेल्या आकड्यावर माणूस किती सहज विश्वास ठेवतो, हे मला नंतर कळले.

एका रविवारी पाहुण्यांची बरीच पोरे दिवसभर डुंबली, म्हणून रात्री मी क्लोरीनची जादा मात्रा टाकली. सकाळी यंत्राने ०.० दाखवले. मी पुन्हा मात्रा टाकली. दुपारी पुन्हा ०.०. पीएच मात्र अचानक फारच चढलेला दिसू लागला आणि तो उतरवायला मी आम्लाची बाटली उघडण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात लक्षात आले की गोळी विरघळताना क्षणभर गुलाबी रंग चमकतो आणि लगेच नाहीसा होतो. क्लोरीन साधारण १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भागांच्या) वर गेले की ते डीपीडीचा रंगच उडवते, आणि रंगहीन पाणी यंत्राला क्लोरीनविरहित वाटते. पीएचसाठीचा फिनॉल रेड हा रंगदर्शकही अशा पाण्यात जांभळट होऊन खोटा चढा आकडा देतो. एक भाग तलावाचे पाणी नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळून मोजल्यावर १.६ आले, म्हणजे तलावात १६ पीपीएम होते! त्यानंतर तीन दिवस तलावात कोणालाही उतरू दिले नाही. ही सूचना माहितीपत्रकात आहे, पण ती शोधायला भिंग लागते.

तरीही माझी खरी तक्रार या शून्याबद्दल नसून कुपीच्या झाकणाबद्दल आहे. पाचव्या महिन्यात ते गळू लागले. कुपी हलवली की दोन थेंब बाहेर ओघळतात, काच ओली होते, आणि ओल्या किंवा बोटांचे ठसे उमटलेल्या काचेतून प्रकाश नीट न गेल्यामुळे आकडा चुकतो. विक्रेत्याकडे विचारणा केली असता, झाकण सुटे मिळत नाही, पेटीसह कुप्यांचा पूर्ण संच घ्यावा लागेल, असे उत्तर आले. बोटभर प्लास्टिकसाठी पेटी कशाला, या माझ्या प्रश्नाला दोन स्मरणपत्रांनंतरही कोणी उत्तर दिले नाही. अखेर नळाच्या कामासाठी आणलेल्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे कुपीच्या आट्यांवर दिले आणि गळती थांबली.

या रागातच मी थेंब मोजून क्लोरीन ठरवण्याचा एफएएस-डीपीडी संच मागवला, आणि इथे माझे मत पार बदलले. चमचाभर भुकटीने पाणी गुलाबी करायचे आणि ते रंगहीन होईपर्यंत थेंब मोजायचे. १० मिली नमुन्याला प्रत्येक थेंब ०.५ पीपीएमचा. क्लोरीन १६ असले तरी थेंब बत्तीस लागतात, एवढेच. रंग चमकून उडालाच, तर आणखी भुकटी टाकायची. त्याच नमुन्यात पुढचे द्रावण घालून संयुक्त क्लोरीनही (घाम वगैरेंशी संयोग होऊन बसलेले) मोजता येते, जे ०.५ च्या वर गेले की मी जादा मात्रेची वेळ आली असे समजतो. बॅटरी नाही, कुपी यंत्रात सरळ बसवण्याची भानगड नाही.

सायन्युरिक ॲसिडची (क्लोरीनला उन्हापासून वाचवणाऱ्या रसायनाची) चाचणी मात्र त्रासदायकच आहे. गढूळ झालेले द्रावण नळीत ओतत तळाचा काळा ठिपका दिसेनासा कधी होतो ते पाहायचे असते. एकाच नमुन्यात मला ४० आणि पत्नीला ५० दिसले. तरी महिन्यातून एकदा ती करावीच लागते, कारण ट्रायक्लोरच्या (तलावात क्लोरीन देणाऱ्या) गोळ्यांतून येणाऱ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठते आणि क्लोरीनसारखे ते वापरून संपत नाही.

सध्या क्लोरीन थेंबांनी, पीएच फोटोमीटरने, आणि घाईच्या दिवशी अर्धी पट्टी, अशी वाटणी आहे. नमुना मात्र कोपरभर खोलीवरून आणि पाणी आत येते त्या तोंडापासून दूर घेतो. गेल्या आठवड्यात विक्रेत्याचे पत्र अखेर आले. सोबत कुप्यांच्या पूर्ण संचाचे दरपत्रक होते. टेपचे रीळ अजून अर्धे शिल्लक आहे.