चरईतील खानावळ : हिरव्या दोऱ्याची पळी

ठाण्याच्या चरईतील एका घरगुती खानावळीतून आम्ही बायबल अभ्यासगटासाठी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी जेवण मागवले. गटात मासे आवडीने खाणारे आहेत, तसेच ते मनापासून वर्ज्य मानणारेही आहेत. खानावळीच्या काकूंनी कोळंबीचे कालवण आणि वालाचे बिरडे वेगळ्या डब्यांत दिलेच, शिवाय न सांगता बिरड्याच्या पळीला हिरवा दोरा बांधून पाठवला. बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौल खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये असे बजावतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 8 व्या अध्यायात तर, मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्याविषयी बोलताना, दुर्बल सद्सद्विवेकबुद्धीच्या भावासाठी, म्हणजे असे खाणे मनाला टोचणाऱ्या सहविश्वासूसाठी, मांसच सोडायची तयारी दाखवतो, आणि मला प्रौढ विश्वासाची खूण तिथेच दिसते. त्या दिवशी मासे खाणाऱ्या दोघांनी आपणहून बिरडेच वाढून घेतले. भाकऱ्या गार होत्या, पण बिरडे फार चवदार होते.