घरी बसवलेली मोबाईल स्क्रीन : आंब्याचा हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

फुटलेली स्क्रीन घरच्या घरी बदलावी का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. जरूर बदला, पण आधी ग्लूचा विचार करा आणि मग डिस्प्लेचा. व्हिडिओंमध्ये स्क्रू, कनेक्टर, उघडणं, लावणं सगळं सावकाश दाखवतात आणि ग्लूची वेळ आली की हात भराभर फिरवून मोकळे होतात. कोरड्या हवेच्या गावात ते चालत असेल. आमच्या देवगडसारख्या ठिकाणी, जिथे खिडकीच्या गजांना वर्षाच्या आत गंज चढतो, तिथे स्क्रीन टिकणार की नाही हे काच फोनला धरून ठेवणाऱ्या ग्लूच्या कडेच्या त्या बारीक रेघेवरच ठरतं.

फोन मधल्या किमतीचा आहे. स्क्रीन अ‍ॅमोलेड (म्हणजे ओलेडचाच एक प्रकार), 120 हर्ट्झची, म्हणजे चित्र सेकंदाला 120 वेळा ताजं होणारी, फिंगरप्रिंट स्क्रीनखाली. मॉडेल लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक फोनचं आतलं काम थोड्याफार फरकाने सारखंच असतं. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर तो अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर कोपऱ्यावर पडला. काच जाळीदार झाली आणि खालच्या बाजूला हिरवी पट्टी आली. सर्व्हिस सेंटरने 7,400 रुपये सांगितले, मजुरी वेगळी, शिवाय फोन त्यांच्याकडे ठेवायचा. म्हणजे फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, आणि तेही ऐन ऑर्डरी सुरू होताना. माझी सगळी गिऱ्हाइकं, त्यांचे पत्ते, आंब्याच्या पेट्यांचे हिशेब त्याच फोनवर. ते शक्यच नव्हतं.

कणकवलीच्या दुकानदाराने सरळ सांगितलं, “वैनी, फोल्डर मेळतलो, पण त्येची गॅरंटी मी देवचंय नाय.” फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र जोडलेला भाग. मग जो भाग तो मागवणार तोच मी मागवला.

इथे एक गोष्ट पैसे वाचवणाऱ्यांसाठी. मीही वाचवणारीच आहे, म्हणून कळकळीने सांगते. ऑनलाइन दोन प्रकार दिसतात. इनसेल म्हणजे एलसीडीवाला 1,650 ला होता आणि ओलेड 3,350 ला. अर्ध्या किमतीचा मोह होतोच. पण मूळ फोन अ‍ॅमोलेड असेल आणि फिंगरप्रिंट ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने बोट वाचणारं असेल, तर इनसेल लावल्यावर ते फिंगरप्रिंट गेलंच म्हणून समजा. हा सेन्सर ओलेडच्या पातळ थरातून बोटाकडे पाहतो. एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा थर असतो, त्यातून त्याला काही दिसत नाही. वर एलसीडी जाड असल्याने काच चौकटीच्या वर उठून राहते आणि पहिला धक्का तिलाच बसतो. काळा रंग दाखवतानाही मागचा दिवा चालूच, म्हणजे बॅटरीही जास्त खाणार. मी ओलेड घेतला, आणि तो खर्च मला आजही योग्य वाटतो.

बसवण्याचं काम थोडक्यात. बॅटरी पाव भागाच्या खाली उतरवून फोन बंद केला. फुटलेल्या काचेवर आडवी-उभी पॅकिंगची पारदर्शक टेप चिकटवली, म्हणजे कपच्या उडत नाहीत. चष्मा घातला. मागचं कव्हर गरम करून उघडलं, आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मगच डिस्प्लेचा. स्क्रू एका कागदावर फोनचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी दुहेरी टेपवर चिकटवले. ही काळजी घ्याच. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि मग स्क्रीनचा प्रश्नच उरत नाही. पुढची काच सोडवायला हेअर ड्रायर वापरला. अर्धी कड मोकळी झाली आणि लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, हजार-बाराशे वॅटचा ड्रायर त्याला पेलत नाही. अशा वेळी थंड झालेली काच ओढू नये, लाईट येईपर्यंत गप्प बसावं. सासूबाई जेवणघरातून डोकावून विचारत होत्या, “काय गो, ह्या काय मांडून बसलंस?”

नवा डिस्प्ले चिकटवण्याआधी नुसता जोडून फोन चालू केला. रंग, टच, चारी कोपरे, ब्राइटनेस, कॉल करून कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का, सगळं पाहिलं. ही तपासणी न करता ग्लू लावणाऱ्याला परत करायला काही उरत नाही. जुन्या काचेवरची इअरपीसची बारीक जाळी काढून नव्यावर बसवली. मग दुरुस्तीच्या किटसोबत आलेल्या छोट्या ट्यूबमधला ग्लू लावला, रबर बँड गुंडाळले आणि रात्रभर ठेवून दिला.

मार्च-एप्रिलमध्ये मी या डिस्प्लेवर खूश होते. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी चार तारे दिले असते. फिंगरप्रिंट चाललं. रंग किंचित निळसर, पण पेटीचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवायला काही अडलं नाही. रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र ताजं होण्याचा वेग, 120 ऐवजी 60 वरच अडकला, त्याची सवय झाली. काचेवरचा तेल न धरणारा थर मात्र काही आठवड्यांत गेला, आणि आंब्याचा चीक लागलेल्या बोटांनी ती लगेच मेणचट होते. त्यावर ओल्या कपड्याखेरीज उपाय नाही.

मग मे आला. फोन दिवसभर टेम्पोच्या डॅशबोर्डवर. देवगडहून नांदगाव तिठ्यापर्यंत पेट्या पोचवायच्या, परत यायचं, ऊन समोरच्या काचेतून थेट फोनवर. हात लावला तर चटका बसे. जून लागला, पाऊस सुरू झाला, आणि सेल्फी कॅमेऱ्याच्या आतल्या बाजूला धुकं दिसायला लागलं. सकाळी असायचं, दुपारी जायचं. पुढे टच बिघडला. पेमेंट आलं का ते बघायला जावं तर भलताच चॅट उघडायचा, कीबोर्डवर आपोआप अक्षरं उमटायची. मी विक्रेत्याला कडक शब्दांत मेसेज लिहून ठेवला होता. माल निकृष्ट, पैसे परत द्या, वगैरे. नीट पाहिलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात काच फ्रेमपासून नखभर सुटलेली.

काच अशी उचलली गेली की पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. फुगलेली बॅटरी स्क्रीन आतून ढकलते, आणि तसं असेल तर फोन लगेच बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावा, घरी दाबून बसवू नये. माझी बॅटरी सपाट होती. मग काच पूर्ण सोडवली, आणि किटमधला तो ग्लू पाहून चीड आली. चौकटीवरून तो शेवयांसारखा लांबच लांब सुटून आला, एकही टोक धरून राहिलेलं नव्हतं. ज्या उष्णतेने आपण स्क्रीन सोडवतो, तीच मेमध्ये डॅशबोर्डवर महिनाभर त्याला मिळत होती. उन्हात कड सैल झाली आणि पावसाळी हवा त्या फटीतून आत गेली. डिस्प्ले निर्दोष होता. कोपऱ्यातला ओलावा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून फोन उघडाच पंख्याखाली ठेवला, आणि टच पहिल्यासारखा झाला. विक्रेत्यासाठी लिहून ठेवलेला मेसेज खोडून टाकला.

दुसऱ्यांदा ग्लू लावताना केलं ते सविस्तर सांगते, कारण मला हे कुठेच एका जागी मिळालं नाही. फ्रेमच्या खाचेतला जुना ग्लू प्लास्टिकच्या पट्टीने आणि लाकडी टूथपिकने पूर्ण काढला, कोपऱ्यांत विशेष. नंतर 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिलने पुसलं. हे पेट घेतं, म्हणून देवाचा दिवा आणि गॅस बंद ठेवून, खिडकी उघडून. आमच्याकडे हवेतच खार असतो, तो कुठल्याही पृष्ठभागावर बसून ओल धरून ठेवतो. डोळ्याला खाच स्वच्छ दिसली तरी ती स्वच्छ नसते. पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही. फ्रेम ड्रायरने कोमट करून कोरडी केली आणि लगेच मॉडेलनुसार कापून येणारी दुहेरी चिकट पट्टी बसवली. ती 140 रुपयांना मिळाली. फक्त कोपऱ्यांत, पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, टी-7000 हा काळा ग्लू सुईच्या टोकाने मिलिमीटरभर जाडीचा. लावल्या लावल्या काच दाबायची नाही. थोडा चिकट होऊ द्यायचा, नाहीतर तो पसरून स्पीकरच्या जाळीत जातो. यातला द्रावक उडून गेल्यावरच हा ग्लू घट्ट होतो, त्यामुळे रात्रभर पुरत नाही. पूर्ण पकड यायला 24 ते 48 तास लागतात. मी फोन पाटावर पालथा ठेवून वर वह्यांचा गठ्ठा ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. त्या दोन दिवसांत ऑर्डरी नवऱ्याच्या फोनवर घेतल्या.

फेविक्विकसारखा झटपट ग्लू या कामाला अजिबात वापरू नका. त्याची वाफ काचेच्या आत आणि कॅमेऱ्यावर पांढरा थर धरते, तो ठिसूळ असतो आणि पुढच्या वेळी फोन उघडणं अशक्य करून ठेवतो. आणि धुकं दिसलं म्हणून तांदळाच्या डब्यातही फोन पुरू नका, पीठ-कोंडा चार्जिंगच्या भोकात जातो. सिलिका जेलच्या पुड्या आणि बंद डबा पुरेसा.

त्यानंतर सगळा आषाढ-श्रावण गेला, गणपतीला चाकरमान्यांनी घर भरलं, पोरांनी फोन ओल्या हातांनी हाताळला, आणि कॅमेऱ्यावर एकदाही धुकं नाही. तरीही फोनवर छापलेल्या आयपी रेटिंगवर, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याच्या दर्जावर, मी आता विसंबत नाही. ती चाचणी गोड्या पाण्यात आणि न उघडलेल्या फोनवर होते. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर नेताना तो झिपच्या पिशवीत असतो.

राग आहे तो एकाच गोष्टीचा. ही 140 रुपयांची पट्टी मी आधी सर्व्हिस सेंटरकडे फोन करून मागितली होती. त्यांच्याकडे ती असते, प्रत्येक दुरुस्तीत ते वापरतात. उत्तर मिळालं की सुटी देत नाही, फोन आणा, काम आमच्याकडूनच करा. एका चिकट पट्टीसाठी घाट चढून जायचं? डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स हे क्षेत्र आहे. आपल्या कंपनीने तिथे सुट्या भागांची आणि दुरुस्तीची काय माहिती दिली आहे ती बघा. आणि अशी अडवणूक झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मी नोंदवली आहे. मोठ्या शहरात राहणाऱ्याला हा लहान मुद्दा वाटेल, पण इथे तालुक्याला एकही अधिकृत केंद्र नसताना सुटा भाग न विकणं म्हणजे आम्हाला नवा फोन घ्यायला लावणं आहे.

एकूण खर्च: डिस्प्ले 3,350, अवजारं आणि आयसोप्रोपिल मिळून 450, पट्टी 140, टी-7000 ची ट्यूब 110. म्हणजे 4,050. डिस्प्लेला आता साडेचार तारे, किटमधल्या ग्लूला शून्य. किट घेणार असाल तर ती ट्यूब सरळ टाकून द्या आणि पट्टी त्याच ऑर्डरमध्ये मागवा. मागवताना पाकिटावरचा मॉडेल नंबर सेटिंगमधल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. एकाच फोनच्या साध्या आणि प्रो प्रकाराच्या पट्ट्या वेगळ्या असतात, आणि कॅमेऱ्याचं भोक जरा सरकलं तरी ती बसत नाही.