फोटोग्राफीची पदवी: फी भरण्याआधी स्टुडिओ बघून या

बारावीनंतर फोटोग्राफीत रीतसर पदवी घ्यायची तर सरकारी वाटा मोजक्याच आहेत. मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला संस्थेच्या बी.एफ.ए.मध्ये (ललित कलेची पदवी) फोटोग्राफी निवडीचा विषय म्हणून घेता येते. हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठात तिची स्वतंत्र चार वर्षांची बी.एफ.ए. आहे. पदवीनंतर एन.आय.डी.च्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) गांधीनगर कॅम्पसवर अडीच वर्षांचं एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येतं. बाकी बहुतेक खासगी विद्यापीठांचा बाजार, आणि तिथे डोळे उघडे ठेवायला हवेत.

ॲपर्चर, शटर, आयएसओ ही कॅमेऱ्यात येणारा उजेड सांभाळणारी सेटिंग्ज महिन्याभरात हातात बसतात. त्यासाठी पदवी नको. पैसे वसूल होतात ते प्रकाशयोजनेत. काचेच्या बाटलीचा फोटो घ्या. समोरून लाइट मारला की काचेवर सॉफ्टबॉक्सचा (लाइट मऊ करणारी कापडी पेटी) पांढरा चौकोन उमटतो आणि बाटलीचा आकार हरवतो. म्हणून लाइट मागे न्यायचा, मध्ये दुधी ॲक्रिलिक लावायचं आणि दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जेमतेम बाहेर काळे कार्ड उभे करायचे. काचेच्या कडा काळ्या, रेखीव उठतात. मागचा पांढरा भाग फ्रेमपेक्षा फार मोठा राहिला तर मात्र कडा धुऊन जातात. तो काळ्या कागदाने झाकत आणायचा. लेबल अंधारात जातं, त्याला पुढून छोटा पांढरा कार्ड. थंडगार बाटलीवरचे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मंनिम्मं करून फवारायचं, नुसतं पाणी लगेच ओघळतं. हा एक सराव चार-पाचदा स्वतःच्या हाताने करायला मिळाला, तरच त्या स्टुडिओला अर्थ आहे.

म्हणून प्रवेशाआधी विचारा: एका स्टुडिओवर किती विद्यार्थी? आठवड्यात एकाला किती तास मिळतात? फ्लॅश मीटर (उजेड मोजणारं यंत्र), कॅलिब्रेट केलेला म्हणजे रंग अचूक दाखवणारा मॉनिटर, टेदर केबल (कॅमेरा थेट कॉम्प्युटरला जोडणारी), प्रिंटर आहे का? वीस जण कोंडाळं करून बघणार आणि लाइट फक्त सर लावणार असतील, तर सरळ बाहेर पडा.

पुढची कामं याच सरावातून निघतात. ई-कॉमर्स कॅटलॉगमध्ये रोज शेकडो वस्तू एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर, रंगात फरक न पडता याव्या लागतात. पहिल्या फोटोचा लाल आणि शेवटच्याचा लाल वेगळा दिसला की कपडा परत येतो. दागिने, खाद्यपदार्थ, इंटिरिअर यांत पैसा बरा, पण सहायक म्हणून दोनेक वर्षं लाइट उचलण्याची तयारी हवी. संग्रहालयातल्या चित्रांचं दस्तऐवजीकरण हे दुर्लक्षित पण फार सुंदर काम आहे: दोन लाइट ४५ अंशांवर, कॅमेरा चित्राला अगदी समांतर, पहिल्या फ्रेममध्ये कलर चेकर (रंग जुळवण्यासाठीचं ठरावीक रंगांचं कार्ड), चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मीटरचं रीडिंग सारखं.

अभ्यासक्रमात करार शिकवतात का, हेही विचारून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७(ब) प्रमाणे कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो. ही एक ओळ माहीत नसल्याने फोटोग्राफर आपलेच फोटो पुन्हा विकण्याचा हक्क गमावतात.

लग्नसमारंभच करायचे असतील तर मात्र ही पदवी महाग पडते. त्या पैशांत दोन चांगल्या लेन्स घ्या आणि एखाद्या अनुभवी टीमबरोबर एक पूर्ण सीझन काढा.