बिमोटा टेसी एच२ की एमव्ही अगुस्ता एफ४?

मोटारसायकलींच्या या दोन्ही इटालियन घराण्यांना डिझायनर मास्सिमो तांबुरिनींचा हात लागला आहे. १९७३मध्ये रिमिनीत बिमोटा उभारणाऱ्या तिघांपैकी ते एक. १९९७मध्ये मिलानला झळकलेली एफ४ही त्यांचीच.

टेसीला नेहमीचा फोर्कच (पुढचं चाक धरणारी दोन दांड्यांची जोडी) नाही. पुढेही मागच्या चाकासारखा स्विंगआर्म, म्हणजे चाक धरणारा आडवा हात, आणि चाक हबमधून, म्हणजे स्वतःच्या मध्यातून, वळतं. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी गाडीचं नाक फारसं खाली जात नाही. इंजिन मात्र कावासाकीचं, ९९८ सीसी, सुपरचार्जरवालं, म्हणजे जादा ताकदीसाठी दाबाने हवा कोंबणारं. एफ४चं चार सिलिंडरचं इंजिन घरचं, आणि कंपनीच्या पाठीशी शर्यतींच्या पाचशे सीसी गटातली, १९५८ ते १९७४ अशी रायडर्सची सलग १७ विश्वविजेतेपदं. सीटखालचे ते चार सायलेन्सर तर बघतच राहावेत!

तरी मी टेसीच घेईन. पुढच्या चाकाचा प्रश्न बिमोटाने १९९०च्या टेसी १डीपासून ज्या हट्टाने लावून धरला, त्याला माझ्या लेखी घरच्या इंजिनाहून जास्त मोल आहे.