एसीतला ‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्याला आधी काय विचारावे

आमचे घर सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आहे. हळदीचे सौदे सुरू झाले की खिडक्यांच्या जाळ्यांवर पिवळी धूळ बसते. इतक्या वर्षांच्या सवयीने ती आम्हाला दिसेनाशी झाली आहे, आणि माझ्या फसवणुकीचे मूळ त्याच धुळीत होते.

एप्रिलमध्ये आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी तासभर चालूनही खोली गार करीनासा झाला. सासूबाईंना उकाडा सोसत नसल्याने मी घाईघाईने, दारात टाकलेल्या एका पत्रकावरचा क्रमांक फिरवला. आलेल्या मेकॅनिकने आतले युनिट उघडलेसुद्धा नाही. तो थेट गच्चीवर गेला, बाहेरच्या युनिटला दाब मोजणारा गेज लावला, तांब्याच्या नळीवर धरलेला बर्फ मला दाखवला आणि म्हणाला, “काका, गॅस संपलाय. दर उन्हाळ्याला भरावाच लागतो.” दोन किलो गॅस भरल्याचे सांगून त्याने ३,८०० रुपये घेतले. पावतीवर वजनाचा उल्लेख नव्हता.

मला फसवले ते खरे तर ‘गॅस’ या शब्दाने. स्वयंपाकघरातला सिलिंडर जळून संपतो, म्हणून एसीतलाही संपत असेल असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात एसीतला वायू कुठेही जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये त्याचा द्रव उकळून वायू होतो व खोलीतली उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीतून दाब उतरून थंड होत आत परततो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असलीच पाहिजे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आमच्या पाहुण्याने गळतीचा ‘ग’सुद्धा काढला नव्हता.

दहा दिवसांत एसी पहिल्यापेक्षा वाईट चालू लागला. ऐन दुपारी बाहेरचे युनिट आपोआप बंद पडू लागले. तेव्हा शेजाऱ्यांनी कुपवाडच्या एमआयडीसीत अशीच कामे करणाऱ्या एका मेकॅनिकला बोलावले. त्याने आधी आतले फिल्टर काढले. त्यांवर हळदीच्या धुळीचा असा थर होता की जाळीची भोके दिसत नव्हती, आणि मागची कॉइलही तशीच माखलेली होती. हवाच पुढे जात नसेल तर कॉइलला उष्णता मिळत नाही, ती गोठते, गेजचा काटा खाली येतो आणि नळीवर बर्फ धरतो. गॅस कमी असतानाही अगदी हेच दिसते. म्हणजे पहिल्याने दाखवलेला बर्फ खरा होता, त्याचे दिलेले कारण मात्र खोटे होते.

मग त्याने एसीतला सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून वजनकाट्यावर ठेवला. त्याचे वजन १,०४० ग्रॅम निघाले. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर आर-३२ या वायूचे प्रमाण ७८० ग्रॅम छापलेले होते. पट्टी चार वर्षे गच्चीवर माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी ती एकदाही वाचली नव्हती! दोन किलो त्या यंत्रात मावण्याचा प्रश्नच नव्हता. जो जादा गॅस खरोखर गेला होता, त्याने दाब वाढून कॉम्प्रेसर जास्त वीज ओढत होता आणि उन्हात तापून बंद पडत होता. नायट्रोजन भरून तपासल्यावर गळती कुठेच निघाली नाही. कॉइल धुऊन, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा काढून, पट्टीवरच्या वजनाइतकाच गॅस भरून देण्याचे त्याने १,९०० रुपये घेतले. धुतलेल्या कॉइलचे पाणी बादलीत साठले होते, ते पिठल्यासारखे पिवळे होते.

आपल्याकडे कोणी गॅस भरायला सांगितला, तर आधी फिल्टर काढून दाखवायला सांगावे, गळती कुठे आहे ते विचारावे, आणि भरण्याआधी व भरल्यावर सिलिंडर आपल्यासमोर काट्यावर ठेवायला लावून तो फरक पावतीवर लिहून घ्यावा. काटा आणला नाही असे उत्तर आले, तर काम तिथेच थांबवावे.

पहिल्या मेकॅनिकला मी फोन करून पैसे परत मागितले. तो शांतपणे म्हणाला, “काका, गॅरंटी गॅसची असते, गारव्याची नसते.” त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.